आधी घर धरा

आमच्या गल्लीतल्या प्रल्हादला विळी हवी असली की तो नुसती विळी मागत नाही. माझ्या किराणा दुकानासमोर उभा राहून ओरडतो, "किराणा दुकान! दुकानातले काका! काकांच्या घरातली विळी!" एवढं झाल्यावर मगच पायरी चढतो.

प्रल्हाद मोबाइलची ॲपं बनवतो. पुण्याची नोकरी सोडून मायजवळ राहायला सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात आला. रेंज नेमकी माझ्याच दुकानात येते, म्हणून तेलाच्या डब्यांमागं लॅपटॉप मांडून बसला तो बसलाच.

"काहून रे असा बोलतोस?" मी एकदा विचारलं आणि फसलो. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यानं मला शिकवायला घेतलं. ॲपमध्ये एकच कार्ड बनवायचं, वर फोटो, खाली बटन. तेच कार्ड जागोजागी वापरायचं. पण मग आतल्या बटनाचं नाव सगळीकडं एकच होतं.

"नुसतं बटन म्हणलं तर मोबाइल पहिलंच धरतो, काका! गोरेगावात घरोघरी मिठाचा डबा हाय. 'मिठाचा डबा आणा' म्हणलं तर तुमी कोणाचा आणसाल? म्हणून हरेक कार्डाला आपलं नाव द्यायचं. आधी घर धरा, मंग माणूस!"

"मला मीठ नको," समोरची बाई म्हणाली, "साखर द्या."

लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं "पाव्हणं, भात?" म्हणलं की हा विचारणार, "कोण्या पंगतीतले पाव्हणं?" तोवर भात पुढं गेलेला! कनेरगाव नाक्याला मुलगी पाहायला गेला, तर तिला नाव विचारायचं सोडून तिच्या बापाला मिठाच्या डब्याचं सांगत बसला. मुलगी कपबशा घेऊन आत गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

मायला वाचता येत नाही. तिच्यासाठी त्यानं खास ॲप केलं. त्यात तीन कार्डं होती. एक प्रल्हादचं, एक सेनगावच्या बहिणीचं आणि एक बंगळुरूच्या थोरल्या दादाचं. फोटोखालचं हिरवं बटन दाबलं की फोन लागतो.

परवा मी मायकडं साखर द्यायला गेलो. ती ओट्यावर बसली होती. माझ्यादेखत तिनं दादाचा फोटो निरखून बटन दाबलं, आणि समोर माझ्या दुकानात प्रल्हादचा फोन वाजला!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं आमचं डोकं खाणारा आज स्वतः चुकला होता. साखर हातात घेऊन तसाच दुकानाकडं पळालो.

तो डब्यांमागं तोंड करून बोलत होता. "माय, दादा मीटिंगमधी हाय. मला म्हणला, मायला इचार, गुडघा कसा हाय. तेल लावलं का? जेवलीस का?" असा बराच वेळ बोलला. मायशी इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं फोन ठेवताच मी टाळी वाजवली. "सापडलास! घर दादाचं धरलं, माणूस मात्र तूच निघालास!"

तो हसला नाही. "दादा उचलतच न्हाई, काका. फोन नुसता वाजून राहतो. मंग माय ताटावरून उठून जाते. बराबर हाय ते बटन. राहू द्या."

परत साखर द्यायला गेलो तर माय म्हणाली, "काहून पळाला रे मघाशी?"

"काही न्हाई. ते... दादा मीटिंगमधी हाय म्हणं."

माय हसायला लागली. "लेकराचा आवाज मला कळत न्हाई व्हय? दोन्ही बटनावर पल्हादच हाय. पण त्याचं बटन दाबलं की 'काम करून राहिलो माय, ठेव' म्हणतो. दादाच्या बटनावर गुडघ्याचं इचारतो."

मग तिनं फोन पदरानं पुसला आणि हळूच म्हणाली, "त्याला सांगू नको बरं. दुरुस्त करून टाकंल."