फोनवरची हजामत

“कात्री वहिनींच्या हातात असली, तरी हात माझाच समजा!” न्हाव्यानं फोनवर छाती ठोकून सांगितलं.

टाळेबंदीनं दुकानाचं शटर पाडल्यापासून त्याची बोटं नुसती शिवशिवत होती. घरातल्या केरसुणीचे कल्ले दोनदा उतरवून झाले होते. अशात जुन्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला. हॉटेल बंद पडलं, तशी या साहेबांची काउंटरवरची नोकरी गेली होती. आज दुपारी नव्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आणि डोक्यावर हे भलंमोठं घरटं!

“काका, ही नोकरी हुकली तर सासऱ्यांच्या दुकानात गोण्या उचलाव्या लागतील हो!”

“साहेब, चिंता सोडा. वहिनी, उजवीकडे दाट दिसतंय. घ्या तिथून.”

वहिनींनी घेतलं.

“अहो, उजवीकडे!”

“उजवीकडूनच घेतलं की!”

“छे! तिकडे अजून जंगल आहे. घ्या बिनधास्त!”

वहिनींनी बिनधास्त घेतलं. लग्नापासून कुणाच्या दृष्टीस न पडलेला साहेबांचा कान उजेडात आला.

गोम अशी, की न्हाव्यानं उभ्या जन्मात गिऱ्हाईक पाहिलं ते पाठीमागे उभं राहून, आरशात. तिथे उजवीकडे दिसतं ते उजवंच असतं. फोनवर माणूस थेट समोर, म्हणजे सगळा उलटा कारभार! हे ध्यानात आलं तेव्हा न्हाव्याला दरदरून घाम फुटला. कबूल करावं तर इभ्रत जाणार. त्यानं गुपचूप बाजू बदलली.

“आता डावीकडून.”

नेमकं त्याच क्षणी वहिनींच्याही मनात आलं, काकांचं डावं-उजवं उलटं होतंय, पण वडीलधाऱ्या माणसाला कशाला दुखवा? त्यांनीही गुपचूप बाजू बदलली.

दोघांच्या समजूतदारपणाचा वरवंटा बिचाऱ्या साहेबांच्या एकाच बाजूवरून फिरला.

“अगं, इकडे गार का लागतंय?”

“पंखा चालू आहे,” वहिनी म्हणाल्या. पंखा बंद होता.

शेवटी न्हाव्यानं डोळे मिटून घेतले. “वहिनी... आता सरसकट.”

संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा न्हावी आधी कपाटाआड गेला आणि मग त्यानं तो उचलला.

“काका, नोकरी लागली!”

“काय सांगता! आणि डोक्याबद्दल... काही म्हणाले का?”

“छे हो! नेट अडखळत होतं. सुरुवातीलाच म्हणाले, कॅमेरा बंद ठेवा. आवाजावरच घेतलं मला. घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, बस्स!”

न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. मग तो कपाटाआडून बाहेर आला.

“म्हणजे... कुणी पाहिलंच नाही?”

“नाही ना! थोडक्यात वाचलो!”

“असं कसं साहेब?” न्हावी कळवळून म्हणाला. “एवढं सुबक, गोल डोकं काढलं होतं. निदान निरोप घेताना तरी दाखवायचं की हो!”