भरल्या घरातली उचकी

बाळांनो, डोळे मिटा आणि एक घर समोर आणा. दोन खोल्या, चार माणसं आणि पाणीच पाणी. गच्चीवर टाक्या, पलंगाखाली पिंपं, कपाटात कपड्यांच्या जागी कॅन. कपडे कुठे गेले? ते सगळ्यांनी एकावर एक अंगातच घातले होते.

हे चिमीचं घर. तिचे बाबा पाणीखात्यात कारकून. पुढेमागे दुष्काळ पडलाच तर हाताशी पाणी असावं, म्हणून खात्याने साठवण वाढवण्याची मोहीम काढली होती. ज्याच्या घरी भांडं रिकामं, तो बेजबाबदार! बाबांनी पातेली भरली, स्वयंपाक थांबला. पेले भरले, पिणं थांबलं. प्यायल्याने पेला रिकामा होतो, ही बाब खात्याच्या नजरेतून सुटलेली नव्हती. साऱ्या गावाने असंच हात धुऊन घेतल्यावर तलावाचा तळ दिसला आणि नळ कोरडे पडले. खात्याला कोण आनंद! दुष्काळ आला तेव्हा तयारी अगदी पूर्ण होती.

नेमकी तेव्हाच आजोबांना उचकी लागली.

"कोणीतरी आठवण काढतंय तुमची," बाबा म्हणाले.

"मीच काढतोय... हुक्... पाण्याची!"

"अहो, द्या ना त्यांना पेलाभर," आई म्हणाली. "सकाळपासून जीव कासावीस झालाय त्यांचा."

"आज तपासणी आहे. दुष्काळात देऊ की."

"अरे गाढवा, दुष्काळ... हुक्... पडलाय!"

"हा लहान आहे, अण्णा. आपलं पाणी मोठ्या दुष्काळासाठी आहे," बाबांनी आजोबांना समजावलं.

तेवढ्यात तपासणीला खात्याचे साहेब आले. त्यांनी पिंपं वाजवून पाहिली, पेल्यांत वाकून पाहिलं. "आदर्श घर! पण या आजोबांना उचकी आली की पलंग हलतो, पलंग हलला की पिंपं हिंदकळतात. ही गळती आहे. बंद करा, नाहीतर आदर्श घराचं बक्षीस शेजारी जाईल."

शेजारी! बाबांनी आजोबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट अंगणात नेऊन ठेवलं. आजोबा उन्हात एकटेच हुक् हुक् करू लागले.

चिमीला ते बघवेना. तिने साहेबांच्या हाताजवळचा पेला उचलला, अंगणात गेली आणि तो आजोबांच्या ओठांना लावला. घट, घट, घट. उचकी थांबली.

"गळती बंद झाली, काका," ती म्हणाली.

साहेबांनी नियमांची वही पुढून मागून चाळली. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "मलाही अर्धा मिळेल का?"

चिमीच्या घरी पाणी प्यायला मिळतं, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दारात ही रांग लागली. सगळे शेजारी, सगळ्यांची घरं काठोकाठ भरलेली.

"आमच्याकडे आहे हो," एक काकू म्हणाल्या, "पण ते ठेवणीतलं."

आणि रांगेच्या शेवटी, बाळांनो, रिकामी बादली पाठीमागे लपवून कोण उभं होतं? हसू नका. तुम्ही आणि मी! चिमी आपल्यापर्यंत आली, बादलीत डोकावली, आपल्या तोंडांकडे पाहिलं आणि बादली हळूच तुमच्या-माझ्या डोक्यावर उपडी घातली.

"आधी घरचं पिऊन या," ती म्हणाली आणि आजोबांसाठी दुसरा पेला भरायला आत पळाली.