आरसा, आरसा, खांदा

आमच्या वेस्ट विंडसरच्या कॉलनीत गणपतीच्या जेवणाची रांग लागली की एक गृहस्थ लांबूनही ओळखू येतात. पुऱ्यांच्या टेबलाकडून भाताच्या टेबलाकडे जायचं असलं की ते आधी प्लेट स्थिर धरतात. मग एकदा वर बघतात, एकदा बाजूला बघतात, आणि शेवटी मान पूर्ण वळवून खांद्यावरून मागे बघतात. "आरसा, आरसा, खांदा," असं पुटपुटतात आणि मगच भाताकडे वळतात. मागे उभा असलेला माणूस दचकून दोन पावलं सरकतो. गेल्या वर्षी तर त्यांनी वळण्याआधी हातही दाखवला. माझी लेक ओरडली, "मम्मा, काका इज चेंजिंग लेन!"

हे आमचे शेजारी, अरविंद पुराणिक. वय चौपन्न, मूळचे सांगलीचे. न्यूयॉर्कला एका विमा कंपनीत अपघातांचे अंदाज बांधायचं काम करतात. त्यामुळे गाडीला काय काय होऊ शकतं हे या माणसाला जरा जास्तच ठाऊक आहे. अमेरिकेत येऊन त्यांना चोवीस वर्षं झाली, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यांनी गाडी चालवली होती एकूण सहा फूट. तीही मागे.

त्या सहा फुटांची गोष्ट कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी गाडी घेतली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. काका शिकाऊ परवाना खिशात घालून आत बसले. गणपतीला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि डोळे मिटूनच पाय दाबला. गाडी रिव्हर्समध्ये होती. समोरच्या घराची पत्रपेटी आडवी झाली आणि चारही लिंबं जागच्या जागी शाबूत राहिली. त्या दिवशी गाडीची किल्ली नीताकाकूंकडे गेली ती गेलीच.

नीताकाकू म्हणजे त्यांची बायको. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात. पहाटे उठून डबे करायचे, काकांना स्टेशनवर सोडायचं, स्वतः कामावर जायचं, येताना पुन्हा स्टेशन. मधल्या काळात मुलाची पोहण्याची शिकवणी, वाणसामान, दंतवैद्य, देऊळ. सगळं काकूंच्या हातून. कुणाच्याही घरी गेलं की आरती संपून प्रसाद येईपर्यंत काकू सोफ्यावर पेंगायला लागतात. आम्ही त्यावरून त्यांना चिडवतो, त्याही हसतात आणि पुन्हा पेंगतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, चेहरा मुलगी बघायला आल्यासारखा.

"वैशाली, मला ड्रायव्हिंग शिकव."

"मी? काकू का नाही शिकवत?"

"एकदा शिकवायला बसली, गाडी सुरू व्हायच्या आतच भांडलो. दोन दिवस बोलत नव्हतो आम्ही. मला संसार मोडायचा नाहीये." मग खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या रविवारी नीताला समुद्रावर न्यायचंय. मी चालवणार, ती शेजारी बसणार. चोवीस वर्षं मी शेजारी बसलोय. एकदा तिची पाळी."

मला वाटलं, पुरुषी अहंकार शेवटी जागा झाला. जरा उशिरा झाला एवढंच. मी लाडू ठेवून घेतले.

रविवारी स्टेशनचं पार्किंग रिकामं असतं. तिथे आमची शाळा भरायची. पहिल्या दिवशी काका गाडीत बसण्याआधी बूट काढायला लागले.

"काका, हे काय?"

"समोर गणपती आहे ना." डॅशबोर्डवर त्यांनी पितळेचा छोटा गणपती बसवला होता. "देवासमोर बूट घालून बसू?"

मोज्यांवरच शिकले. पहिले तीन रविवार गाडी सुरूच झाली नाही. काका पट्टा बांधून नुसते बसायचे आणि मोठ्यानं संकल्प सोडल्यासारखं म्हणायचे, मधला आरसा, बाजूचा आरसा, खांद्यावरून मागे. चौथ्या रविवारी गाडी हलली. मी "शाबास" म्हटलं तर त्यांनी ब्रेक मारला आणि म्हणाले, "चालवताना बोलू नकोस गं." मे महिन्यात आम्ही कॉलनीतल्या रस्त्यांवर आलो. त्यांचा वेग असा की एक आजोबा कुत्र्याला फिरवत आमच्या पुढे निघून गेले आणि वळून हात करून गेले.

पहिल्या रोड टेस्टला परीक्षक बाई शेजारी बसल्या. काकांनी बूट काढले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग गाडी छान निघाली. पण वाटेत देऊळ लागलं, आणि देऊळ दिसल्यावर काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले आणि छातीशी जुळले. टेस्ट तिथेच संपली.

"अहो काका, हात सोडायचे नाहीत!"

"सोडले नाहीत, जोडले," काका म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी गणपती डॅशबोर्डवरून काढून देवघरात ठेवला. नमस्कार घरूनच करून निघायचं आणि वाटेतल्या देवांनी समजून घ्यायचं, असं ठरलं. बूटही पायात राहिले.

दुसऱ्या टेस्टला चौकात चारही बाजूंनी गाड्या आल्या. जो आधी आला तो आधी जाणार, हा नियम. काका आधी आले होते. पण त्यांनी सभ्यपणे समोरच्याला हात केला, मग डावीकडच्याला, मग उजवीकडच्याला, आणि तोवर आणखी तीन गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांनाही काकांनी हात केला. शेवटी परीक्षक म्हणाले, "सर, आपण आज जाणार आहोत का?"

तिसऱ्या टेस्टला ऑगस्टमध्ये काका पास झाले. कॉलनीत पेढे वाटले. नीताकाकूंनी पेढा खाल्ला आणि स्टेशनवर सोडायला पुन्हा स्वतःच किल्ली घेतली. कारण काकांचा एक प्रश्न उरला होता, जो टेस्टच्या वाटेत नशिबानं आलाच नव्हता. ते फक्त उजवीकडे वळायचे.

डावीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांना ओलांडून जावं लागतं, आणि ते काकांना जमेना. म्हणून ते तीनदा उजवीकडे वळून डावीकडे जायचे. वाणसामानाचं दुकान पाच मिनिटांवर, काकांना वीस मिनिटं लागायची. कोथिंबीर आणायला गेलेला माणूस अर्धं गाव बघून यायचा. मी एकदा चिडले तर शांतपणे म्हणाले, "तिकडे उजवं वळण अवघड, इकडे डावं. देश बदलला की भीतीची बाजू बदलते, बाकी काही नाही."

बोलणं छान होतं. पण आमच्या कॉलनीतून समुद्राकडे निघायचं तर बाहेर पडतानाच डावं वळण, तिथे सिग्नल नाही आणि उजवीकडून फिरून जायला रस्ताही नाही. सप्टेंबरभर आम्ही त्या कोपऱ्यावर जायचो, काका आरसा, आरसा, खांदा करायचे आणि उजवीकडे वळायचे. मी सांगून पाहिलं, की काका, वळणापुरतं काकूंना चालवू द्या, मग तुम्ही घ्या. त्यांनी मान हलवली. "नाही. ती एकदा स्टिअरिंगवर बसली की संपलं. तिनं दारापासूनच शेजारी बसायला हवं."

केवढा तो हट्ट, असं मी मनात म्हटलं.

तो रविवार उजाडला. नीताकाकू पर्स पोटाशी धरून उजवीकडच्या सीटवर ताठ बसल्या होत्या आणि नसलेल्या ब्रेकवर उजवा पाय रोवून होत्या. मला राहवेना, मी चालत कोपऱ्यापर्यंत गेले. काकांची गाडी तिथे उभी होती आणि डावा दिवा लुकलुकत होता. समोरून गाड्या येतच होत्या. मागे दोन जण येऊन थांबले, एकानं हॉर्न दिला. मला वाटलं, आता दिवा उजवीकडचा लागणार. पण नाही. एक मोकळी जागा आली आणि गाडी डावीकडे वळली, हळू, पण वळली. मी रस्त्याच्या कडेला एकटीच टाळ्या वाजवल्या.

दुपारी चारच्या सुमाराला मी अंगणात दाताळ्यानं पानं ओढत होते. काकांची गाडी कॉलनीत आली. मी हात केला. गाडी त्यांच्या घरावरून पुढे गेली आणि कोपऱ्यावर उजवीकडे वळली. फेरी मारून पुन्हा आली, पुन्हा पुढे गेली. तिसऱ्यांदा तेच झालं. इतकं करून हे आता स्वतःच्या दारात वळायला घाबरले की काय? मी दाताळं घेऊनच रस्त्यावर आले.

गाडी माणूस चालतो त्या वेगानं आली. काच खाली होती. काकांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरलं.

शेजारी नीताकाकू झोपल्या होत्या. सीट मागे केलेली, अंगावर काकांचं जॅकेट, तोंड जरासं उघडं. पावलांना वाळू लागलेली होती आणि उजवा पाय अगदी सैल पडला होता.

मी गाडीबरोबर चालायला लागले.

"टोलपासून झोपलीय," काका कुजबुजले. "गाडी थांबली की जागी होते ती. दोन सिग्नलना चाळवली."

"अहो, मग किती फेऱ्या मारणार?"

"पेट्रोल आहे की." नजर रस्त्यावरच ठेवून ते म्हणाले, "लग्न झाल्यावर आम्ही एसटीनं सांगलीहून पुण्याला जायचो ना, तर स्टँड सुटायच्या आत माझ्या खांद्यावर झोपलेली असायची. किती चिडवायचो मी. इथे आल्यापासून गाडीत एकदाही झोपली नाही बघ. झोपणार कशी?"

मी तिथेच थांबले. त्यांच्या हट्टाला मी सात महिने अहंकार म्हणत आले होते, त्याची मला लाज वाटली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. उजवा दिवा लुकलुकला. काकांनी मधला आरसा पाहिला, बाजूचा पाहिला, मग मान वळवून उजव्या खांद्यावरून पाहिलं. तिकडे रस्त्याच्या आधी नीताकाकू होत्या. कुठल्याही परीक्षकानं चालवून घेतलं नसतं इतका वेळ ते तिकडे बघत राहिले. मग गाडी वळली.

मी परत अंगणात आले. अजून निम्मी पानं राहिली होती. पण दाताळ्याचा आवाज फार होतो, म्हणून ते मी भिंतीला टेकवून ठेवलं.