पाटाला फुटले पाय

कमलने चहाचा कप टक्‌कन जमिनीवर ठेवला. गोकुळदास खुर्चीत बसला होता आणि कप त्याच्या पायाच्या अंगठ्याशी वाफाळत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तेव्हापासून ती त्याला कप हातात द्यायची आणि त्यात दोघांनाही काही उणं वाटलेलं नव्हतं.

"हातात दी मगे," तो म्हणाला.

"हातात कित्याक? विमलेकडे चाय मेजार ठेवतत. खुर्चीच्या बाजूक एक मेज, खाटीच्या बाजूक एक. सगुणबाबान सोताच्या हातान केल्यान."

"विकत घेतला आसतला."

"बोटीवरल्या खोक्यांचां लाकूड हाडल्यान वास्कोसून. वयर निळ्या बशांचे कुडके बसयल्यान. इतक्या देखणां की कप ठेवूक मन जायना!"

सगुण म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. वास्कोच्या बंदरात कामाला होता, शनिवारी धारगळला बसमधून उतरायचा आणि दर खेपेला काहीतरी घेऊन उतरायचा. त्याच्याकडे फ्रीज आला तेव्हा गोकुळदासने मन घट्ट केलं होतं. फ्रीज काय, कोणीही दुकानातून आणतो. पण मेज सगुणने स्वतः केलं होतं. पेडण्याच्या एका कचेरीत पंधरा वर्षं फायली बांधणाऱ्या गोकुळदासने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि त्याला सगुणचा मनापासून राग आला.

"गोव्याचां राज्य झालां, राजभाषा झाली," कमल म्हणाली, "पण आमच्या घरात चाय ठेवूक जागा काय झाली नाय."

"चवथीच्या आदी मेज करून दाखयतंय."

कमल हसली. ती नुसती "बरां" म्हणाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी तिला बाजारात पाठवून गोकुळदास माळ्यावर चढला. तिथे गोणपाटात गुंडाळलेली फणसाची एक फळी सापडली. जाड, काळपट, गुळगुळीत. खालच्या अंगाला पांढऱ्या रंगातली पुसट अक्षरं होती, "य. म." लाकडाच्या वखारीची खूण असणार, असं त्याने ठरवलं. पायांसाठी एका मोडक्या खुर्चीचे चारही पाय उपटले. त्यातले मागचे दोन पुढच्या दोनांपेक्षा लांब निघाले, म्हणून ते कापले. मग पुढचे लांब झाले, म्हणून ते कापले. सकाळी गुडघ्याएवढं असलेलं मेज जेवणाच्या वेळेपर्यंत वीतभर उरलं. तेव्हा कुठे त्याने करवत ठेवली आणि एकेका पायाला अकरा-अकरा खिळे ठोकले.

"ह्यां मेज की पाट?" बाजारातून परत आलेल्या कमलने विचारलं.

"जपानात असलींच मेजां आसतत."

"आनी नक्षी? विमलेच्या मेजार निळे कुडके आसत."

तुकडे करायला कमल एकही बशी द्यायला तयार नव्हती. श्रावण लागायला आठवडा होता, बाजारात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, आल्या होत्या. गोकुळदास तीन दिवस तिसऱ्या घेऊन आला. एक दिवस सुकं, एक दिवस आमटी, एक दिवस अर्ध्या शिंपल्यातली एकशिपी. खाऊन झाल्यावर तो प्रत्येक शिंपला चाटून पुसून धुवायचा आणि पावसाची उघडीप बघून कौलावर वाळत घालायचा. मग दोन नळ्यांतून पिळून कालवायचा तो जबरदस्त गोंद आणून त्याने फळीच्या कडेने शिंपल्यांची दुहेरी रांग चिकटवली. वाड्यावरची एक मांजर चार दिवस त्या मेजाशेजारून हलली नाही. पण मेज दिसत होतं छान. गोकुळदासने ते खिडकीसमोर ठेवलं, कुंपणापलीकडून दिसेल असं, आणि त्यावर कप ठेवून सावकाश चहा पिऊ लागला. विमला दोनदा डोकावून गेली. त्या आठवड्यात चहाला आगळीच चव होती.

पाचव्या दिवशी कमल म्हणाली, "शनिवारी पाट महादेव चिताऱ्याकडे पोचवूक व्हयो. सगळ्यांचे पाट गेले."

त्या भागात गणपतीची मूर्ती कोणी तयार उचलून आणत नाही. प्रत्येक घराचा पाट आधी चिताऱ्याच्या, म्हणजे मूर्तिकाराच्या, चित्रशाळेत जातो आणि त्या घराचा गणपती त्या पाटावरच घडतो. आजवर हे सगळं गोकुळदासचा थोरला भाऊ यशवंत बघायचा. यंदा त्याची डिचोलीला बदली झाली आणि गणपती पहिल्यांदाच गोकुळदासकडे आला होता. "तुका जमतला मा?" असं यशवंतने तीन वेळा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा त्याच्या आवाजात 'जमायचं नाही' हेच होतं.

"पाट खंय आसा?" गोकुळदासने विचारलं.

"डिचोलीक जाताना रुक्मिणीवयनीन पाठयलो तो माळ्यार ठेवलंय. गोणपाटात. तुमच्या बाबांनी फणस तोडून केललो मा तो? वयनी म्हणा होती, दादांनी खाला आपला नाव घातलां."

य. म. म्हणजे यशवंत महादेव; बाबांचं नावही चिताऱ्यासारखंच महादेव होतं. गोकुळदासने मेजावरचा कप उचलला आणि हळूच जमिनीवर ठेवला. कमलने आधी कपाकडे पाहिलं, मग मेजाकडे, आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"देवाच्या पाटार तिसऱ्यो!"

"हळू बोल गो, विमला आयकतली."

"चार दिस चाय पियेलात तेच्यार! दादा काय म्हणतले? देव काय म्हणतलो?"

देवापेक्षा गोकुळदासला दादाची भीती जास्त होती. त्याने दार लावून घेतलं आणि पहिला खिळा उपटायला घेतला. फळीतून असा काही कर्र आवाज आला की त्याने पक्कड टाकून दिली. बाबांचा पाट दुभंगण्यापेक्षा पाय राहिलेले बरे. मग दोघांनी मिळून शिंपले खरवडले. शिंपले निघाले, पण प्रत्येकाच्या जागी पंख्यासारखा एक पांढरा डाग राहिला. नारळाचं सोडण, चिंच, राख, सगळं घासून झालं. डाग आणखी उजळले. शेवटी कमलने पाटावर गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पाणी घातलं, नारळ ठेवला आणि नवऱ्याच्या वतीने देवाची माफी मागितली. नवऱ्याला मात्र तिने स्वतः माफ केलं नाही.

शनिवारी सकाळी गोकुळदास पाट गोणपाटात गुंडाळून निघाला. चार पाय गोणपाटाबाहेर राहिले. आणि नेमका तेव्हाच वास्कोहून आलेला सगुण बसमधून उतरला.

"गोकुळदासबाब, ह्यां काय?"

"पाट. महादेवकाकाकडे नेतंय."

"पाटाक पाय?"

खरं सांगून टाकावं, असं गोकुळदासच्या ओठांवर आलं होतं. पण सगुणच्या पिशवीतून काहीतरी नवीन, चकचकीत डोकावत होतं. ते बघून गोकुळदासचं डोकं फिरलं.

"मुद्दाम लायलंय," तो म्हणाला. "मेजार कप कोणय ठेवतलो. मी म्हटलां, पयलो मान देवाक."

सगुणचा चेहरा उतरला आणि गोकुळदासला चार पायांचं ओझं एकदम हलकं वाटलं. चित्रशाळेत पोचेपर्यंत ते पुन्हा जड झालं.

महादेव चिताऱ्याने पाट उलटा केला, सुलटा केला, पाय हलवून पाहिले. "पन्नास वर्सां गणपती करतंय. चालतो पाट पयल्यांदा बघतंय. आनी हे पांढरे डाग कसले?"

"तें... तसांच आसा."

"पाकळ्यो काढूक घेतल्यात आनी अर्द्यार सोडल्यात," म्हातारा स्वतःशीच पुटपुटला. "बरां, बघतंय."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोकुळदास मूर्ती आणायला गेला तो देवाचं नाव घेतच. महादेवने कापड बाजूला केलं. प्रत्येक डागावरून त्याने गुलाबी ब्रश फिरवला होता, कडेला सोनेरी रेघ ओढली होती. गणपती दुहेरी पाकळ्यांच्या कमळात बसला होता, जमिनीपासून वीतभर उंच, मखराच्या बरोबर मधोमध येईल असा. गोकुळदासने त्या म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी यशवंत डिचोलीहून आला. हातपाय धुऊन देवासमोर उभा राहिला आणि खाली वाकून बघत राहिला. कमल स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन उभी होती.

"बाबांच्या पाटाक पाय कोणी लायले?"

"मी, दादा."

यशवंतने एक पाय हलवून पाहिला. मग त्याने नाक ओढलं. "बाबा दर वर्सा म्हणा होते, देव उंच आसतो तर पूजा करताना कमर मोडना नाय. माका कदी सुचूक नाय ते. तुका सुचलां." त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फुडल्या वर्साय गणपती हयच रवांदे."

संध्याकाळपर्यंत वाडाभर बातमी झाली. लोक दर्शनाला येत, हात जोडत आणि तसेच वाकून पाय मोजत. विमला आली, तिने कमळ पाहिलं, प्रसाद घेतला आणि तडक घरी गेली.

रीतीप्रमाणे गोकुळदास आणि कमलही सगुणकडे दर्शनाला गेले. विमलाने दोघांचा चहा त्या देखण्या निळ्या मेजावर ठेवला. सगुणचा कप तिने त्याच्यासमोर टक्‌कन जमिनीवर ठेवला.

"तेंच्या मेजार देव बसलो," ती म्हणाली. "तुमच्या मेजार कप बसतत."

तो आवाज गोकुळदासच्या चांगला ओळखीचा होता. त्याला आनंद झाला, अगदी पोटभर झाला. मग सगुण वाकून कप उचलू लागला, आणि ते बघून गोकुळदासला कसंतरीच वाटलं. बायका आत गेल्यावर तो सगुणच्या कानाशी लागला.

"सगुणबाब, खरां सांगतंय. माका मेजच करूक होया होता, तुमच्यासारखां. चुकान पाट घेतलो. ते पाकळ्यो न्हय, तिसऱ्यांचे डाग. गोंद लावन शिंपले बसयलले."

सगुणने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सांगूचां नाय तर सांगू नका, गोकुळदासबाब. पण देवाच्या पाटार तिसऱ्यो म्हणान माका कित्याक फशयतात?"

विसर्जन झालं. पाट घरी आला. कमलने तो पुसला, नव्या गोणपाटात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. "आता तो देवाचो," तिने बजावलं. "हात लावशात तर बघा." म्हणजे चहाचा कप पुन्हा गोकुळदासच्या अंगठ्याशी आला.

पुढच्या रविवारी कुंपणापलीकडून तिसऱ्यांच्या सुक्याचा घमघमाट आला. त्याच्या पुढच्या रविवारी आमटीचा. तिसऱ्या रविवारी वाड्यावरची ती मांजर आपला मुक्काम हलवून सगुणच्या पडवीत गेली. गोकुळदास चहा घेत बसला होता. कमल खिडकीशी उभी राहून विमलाच्या कौलांवर वाळत घातलेल्या शिंपल्यांकडे टक लावून बघत होती.

"बघितलात?" ती म्हणाली. "तेंच्यो तिसऱ्यो आमच्यापेक्षा व्हडल्यो आसत."