गुडघाभर फाटक

बाईसाहेबांच्या बागेत रेल्वे आली ती त्यांच्याच परवानगीने आली, आणि हेच दुःख त्यांना पुढे कोणाजवळ बोलून दाखवता येईना.

त्यांचे यजमान चौतीस वर्षे एका आडबाजूच्या स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. गाड्या घ्यायच्या आणि गाड्या सोडायच्या यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला निवृत्तीनंतर घरात घ्यायला आणि सोडायला काही उरले नव्हते. दर वीस मिनिटांनी ते घड्याळ पाहत, लगबगीने खिडकीशी जात आणि काहीच आले नाही हे पाहून परत खुर्चीत येऊन बसत. आठवडाभर हे दर्शन घडल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "काय करायचं ते करा, पण बागेत जाऊन करा. माझ्या गुलाबांना मात्र हात लागता कामा नये."

हा हुकूम स्टेशनमास्तरांनी अक्षरशः पाळला. चार महिन्यांत बागेला वळसा घालून वीतभर रुंदीचे रूळ पडले. विहिरीपाशी एक स्टेशन झाले, लिंबाच्या झाडाखाली दुसरे. बॅटरीवर चालणारे इंजिन तीन डबे ओढत दोन स्टेशनांमध्ये फिरू लागले. वाटेत गुलाबांचा उंच वाफा आडवा आला, तेव्हा त्यांनी खालून बोगदा काढला. गुलाबांना हात लागला नव्हता. मुळांविषयी हुकुमात काहीच म्हटलेले नव्हते.

बाईसाहेबांना खरे सलत होते ते फाटक, बोगदा नव्हे. बाहेरच्या फाटकातून घराच्या ओसरीकडे येणाऱ्या पायवाटेला जिथे रूळ छेदत, तिथे स्टेशनमास्तरांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन काठ्यांचे गुडघाभर उंचीचे फाटक उभारले होते. एका स्टेशनातून गाडी सुटली की ते बंद होई आणि ती दुसऱ्या स्टेशनात पोहोचल्याखेरीज उघडत नसे. ज्या घरात एकेचाळीस वर्षे सगळे बाईसाहेबांसाठी थांबत आले, त्याच घराच्या अंगणात बाईसाहेबांनी एका खेळण्यासाठी थांबावे, अशी ही व्यवस्था होती. त्या अर्थातच थांबत नसत. काठी टेकून एक पाय उचलत, मग दुसरा, आणि पलीकडे जात.

"बाईसाहेब, फाटक बंद आहे," स्टेशनमास्तर विहिरीजवळून सांगत.

"दिसतंय मला. टोपी काढा आणि जेवायला चला."

या टोपीत सगळे मर्म होते. जुनी काळी टोपी डोक्यावर असली की स्टेशनमास्तर रेल्वेचे असत, बायकोला बाईसाहेब म्हणत आणि घडलेली प्रत्येक गोष्ट ड्यूटीच्या डायरीत टिपून ठेवत. टोपी उतरली की ते बाईसाहेबांचे होत आणि "अगं, मीठ दे" म्हणण्याइतके माणसात येत.

अशात विहीणबाई येणार असल्याचे पत्र आले.

विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. लग्नात निरोप घेताना त्या बाईसाहेबांना एवढेच म्हणाल्या होत्या, "मुलीला शिस्तीची सवय आहे हो, सांभाळून घ्या." वाक्य साधे होते, पण बाईसाहेबांच्या काळजात ते दोन वर्षे काट्यासारखे रुतून बसले होते. शिस्त यांच्याकडची, आणि सांभाळून घ्यायचे आम्ही! आता त्या लेकीचे घर पहिल्यांदाच पाहायला येत होत्या. शनिवारी दुपारी चार वाजता शिस्त कशाला म्हणतात ते विहीणबाईंना दिसणार होते, आणि बाईसाहेबांच्या दृष्टीने त्या दिवशी दुसरे काही घडण्याचे कारण नव्हते.

शनिवारी सकाळपासून घर हुकुमांनी दुमदुमत होते. ओसरीवरच्या खुर्च्या तीनदा हलवल्या गेल्या. सूनबाईने चहाचे कप दोनदा पुसले, ते कोरडेच होते तरी. सगळे मनासारखे झाल्यावर बाईसाहेबांना शेजारच्या दूधवाल्याची बकरी आठवली. बाहेरचे फाटक उघडे दिसले की ती आत येई आणि थेट गुलाबांपाशी जाई. बाईसाहेबांनी ओसरीवरूनच आवाज दिला, "अहो, आज फाटक बंद राहिलं पाहिजे! मी सांगेपर्यंत उघडायचं नाही."

स्टेशनमास्तर टोपी घालून रुळांवरची पाने वेचत होते. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडले. बाईसाहेबांनी तर्जनी वर केली. तोंड मिटले.

विहीणबाई पाव तास आधी आल्या. शिस्तीची माणसे हा डाव नेहमी खेळतात. बाईसाहेब ओसरीवर आल्या तेव्हा विहीणबाई हातात पिशवी घेऊन पायवाटेच्या मध्यावर ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे लाल-पांढरे फाटक बंद होते.

"या ना विहीणबाई, थांबलात का?"

"फाटक बंद आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"ते होय! तो यांचा खेळ आहे. या तुम्ही ओलांडून."

विहीणबाईंनी बाईसाहेबांकडे असे पाहिले, जणू त्यांनी खिडकीतून आत यायला सांगितले होते.

"आई!" ओसरीवरून सूनबाई म्हणाली.

"काय?" दोन्ही बाजूंनी एकदम उत्तर आले.

"तुला नाही, हिला," सूनबाई गोंधळली. "म्हणजे तुम्हाला नाही, तिला. अगं आई, ये की. गुडघ्याएवढं तर आहे."

"तुझे आजोबा अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते," विहीणबाई म्हणाल्या. "उंची बघून फाटक पाळायचं असतं, असं त्यांनी तुला शिकवलं का? बंद फाटक ओलांडणाऱ्या माणसाच्या हातचं ते पाणीसुद्धा पीत नसत. मीही पीत नाही." मग त्या बाईसाहेबांकडे वळल्या. "तुमच्याकडे काय पद्धत आहे?"

बाईसाहेबांनी त्याच दिवशी सकाळपासून ते फाटक सात वेळा ओलांडले होते. सूनबाईला एकदम खोकला आला.

"आमच्याकडेही तेच," बाईसाहेब म्हणाल्या. "या घरात बंद फाटक कोणी ओलांडत नाही. मी तर नाहीच नाही. अहो! उघडा आता."

"उघडता येणार नाही, बाईसाहेब," विहिरीजवळून आवाज आला. "तीन चाळीसची गाडी सुटलेली आहे. दोन मिनिटांत पोहोचेल."

"अहो, ती टोपी जरा—"

"ड्यूटीवर आहेत वाटतं?" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या वडिलांनी ड्यूटीवर असताना टोपी कधी काढली नाही."

"—जरा नीट घाला," बाईसाहेबांनी वाक्य पुरे केले.

तीन चाळीस विहिरीपासून निघून वळण घेत, इवलीशी शिट्टी देत बोगद्यात शिरत होती. विहीणबाई तिच्याकडे मान वाकवून पाहत म्हणाल्या, "एक सांगू का? राग मानू नका. तुमचं बाहेरचं फाटक सताड उघडं होतं. लावणार होते मी, पण दुसऱ्याच्या फाटकाला आपण हात लावू नये, हेही वडिलांचंच."

बाईसाहेबांची नजर विहीणबाईंच्या खांद्यावरून मागे गेली. बाहेरचे फाटक खरोखरच सताड उघडे होते. सकाळचा हुकूम कोणत्या फाटकाने शिरोधार्य मानला, हे त्यांच्या तत्क्षणी लक्षात आले, आणि त्याच क्षणी उघड्या फाटकातून दूधवाल्याची बकरी आत आली. स्वतःच्या घरी यावे तशी ती इकडेतिकडे न बघता, सावकाश, गुलाबांच्या वाफ्यावर चढली. आधी माती खचल्याचा आवाज झाला, मग बोगद्यातल्या इंजिनाचा कण्हण्याचा. मग काहीच आवाज येईना, बकरीच्या चावण्याखेरीज.

"तीन चाळीस अडकली," स्टेशनमास्तरांनी जाहीर केले. "बोगदा बसला. गाडी पोहोचेपर्यंत फाटक बंद राहील."

ते लाल झेंडी आणि खुरपे घेऊन वाफ्याकडे निघाले. बकरीने त्यांच्याकडे पाहिले, टोपी ओळखीची वाटली म्हणून असेल, आणि पुन्हा गुलाबात तोंड घातले.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. धावत जाऊन गुलाब वाचवायचे, तर वाटेत बंद फाटक होते. बकरीला हाकलायला सांगायचे, तर ती परक्याची बकरी आणि फाटक उघडे राहिले म्हणून आत आली, हे कबूल करायचे. बाईसाहेबांच्या समोर त्यांचा सर्वांत मोठा, गडद लाल गुलाब देठासकट नाहीसा झाला. त्यांनी काठीवरची पकड घट्ट केली, पण पाय उचलला नाही.

"ही बकरी?" विहीणबाईंनी विचारले.

"छाटणीची आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

"छाटणीची?"

"दर हंगामाला लावतो."

"आमच्याकडे माळी येतो. कात्रीनं करतो."

"कात्री काय, सगळेच वापरतात," बाईसाहेब म्हणाल्या.

विहीणबाई गप्प झाल्या. दोन वर्षांत त्या गप्प झाल्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्यासाठी बाईसाहेबांनी आतापर्यंत अकरा गुलाब मोजले होते.

तीन चाळीस बाहेर निघायला पाऊण तास लागला. गाडी हातात उचलून आणणे नियमात बसत नव्हते. स्टेशनमास्तरांनी ओणवे होऊन माती उपसली, डबे पुसले, एकेक चाक रुळावर बसवले. तोवर दोघी विहिणी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून हवापाण्याविषयी, सांधेदुखीविषयी आणि हल्लीच्या पिढीच्या उतावळेपणाविषयी बोलल्या. शेवटच्या विषयावर त्यांचे इतके पटले की सूनबाई आत निघून गेली. ओसरीवरचा चहा दोनदा गार झाला.

एवढ्यात बाहेरून दूधवाल्याने हाक मारली. "बाईसाहेब, आमची बकरी आली का हो इकडं?"

बाईसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "वेळेवर न्यायला येत जा! काम केव्हाच संपलंय तिचं."

"काम?" दूधवाला म्हणाला. पण बाईसाहेबांना उलट प्रश्न विचारण्याची त्या आळीत कोणाची छाती नव्हती. त्याने बकरीला कानाला धरून बाहेर नेले, आणि जाताना तिच्याकडे जरा आदराने पाहिले.

अखेर मातीने माखलेली तीन चाळीस लिंबाखालच्या स्टेशनात पोहोचली. स्टेशनमास्तरांनी हिरवी झेंडी दाखवली आणि फाटक उघडले. विहीणबाईंनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि मगच रूळ ओलांडून बाईसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काळजी मिटली माझी," त्या म्हणाल्या. "एवढी शिस्त हल्ली बघायला मिळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन म्हणते. त्या छाटणीनं फूट कशी येते, तेही बघता येईल."

"अवश्य या," बाईसाहेब म्हणाल्या.

विहीणबाईंना कामावरून आलेल्या मुलाने परतीच्या गाडीपर्यंत पोहोचवायला नेले, तेव्हा ऊन कलले होते. बाईसाहेब गुलाबांच्या वाफ्यासमोर एकदाच जाऊन आल्या. तिथे आता फक्त काटे होते. मग त्यांनी यजमानांपुढे हात पसरला. "ती डायरी आणा इकडे. बघू द्या, काय लिहून ठेवलंय आजचं."

स्टेशनमास्तरांनी डायरी दिली. सकाळच्या रकान्यात सुबक अक्षरांत लिहिले होते: 'फाटक बंद ठेवण्याचा तोंडी हुकूम मिळाला. बाहेरचे की रुळावरचे, असे विचारण्याचा प्रयत्न केला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याने बोट वर केल्याने प्रश्न मागे घेतला. अधिकारी फाटक म्हणून नेहमी रुळावरच्या फाटकाचीच तक्रार करीत असल्याने तेच बंद केले.'

बाईसाहेबांनी तो मजकूर दोनदा वाचला. खोडण्यासारखा त्यात एकही शब्द नव्हता. डायरी मिटून त्यांनी परत दिली आणि बाहेरचे फाटक स्वतःच्या हाताने लावायला त्या पायवाटेने निघाल्या.

मध्येच लाल-पांढऱ्या काठ्या आडव्या आल्या. पाच चाळीस विहिरीवरून सुटली होती.

बाईसाहेबांनी ओसरीकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. त्यांनी काठी टेकली, पाय उचलला, आणि तो तसाच क्षणभर हवेत राहू दिला. मग खाली ठेवला.

विहिरीजवळून स्टेशनमास्तर हे पाहत होते. एकेचाळीस वर्षांचा संसार आठवून त्यांनी सावधपणे टोपी काढली आणि ते फाटक उघडायला पुढे झाले. "अगं, थांब, उघडतो."

"टोपी घाला," बाईसाहेब म्हणाल्या. "गाडी यायची आहे."