कुणाच्या पायाचा फूट?

सासरे रविवारी मुक्कामाला येणार, म्हणून पंढरीनाथला पलंग करवून घ्यायचा होता; आणि माप घ्यायची टेप शेजारचा कॅजिटन उत्तनला घेऊन गेला होता.

नवघरचा फ्लॅट घेतला तेव्हा सासरे म्हणाले होते, "त्या खुराड्यात माझ्याने दोन दिवसांवर राहवणार नाही." ते पंढरीनाथला अजून टोचत होतं. या खेपेला त्यांची सोय चोख व्हायला हवी होती.

"मृणाल, फूट म्हणजे काय गं?"

"बारा इंच."

"ते माप झालं. शब्दाचा अर्थ पाऊल. पण कुणाचं?"

"असेल कुठल्या राजाचं. तुम्ही टेप आणा."

"राजाचं म्हणतात, पण कुठल्या, ते कुणी छातीठोक सांगत नाही. आपल्याकडे बघ. हातभर गजरा फुलवाली स्वतःच्याच हाताने मोजते ना? वीत आपली, हात आपला. मग इंग्रज तरी मोजायला दुसऱ्याचा पाय कशाला आणतील?"

चपला काढून तो टाचेला अंगठा भिडवत भिंतीलगत चालला. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बरोबर सात.

"सात फूट?" केबिन रोडवरच्या राघो सुताराने विचारलं. "साहेब, येऊन बघू का एकदा?"

"मी स्वतः मोजलंय."

"मग झालं. पाहुणे लईच उंच दिसतात."

शनिवारी पलंग आला. एक टोक खिडकीला टेकलं; दुसरं दीड वीत स्वयंपाकघराच्या दारात शिरलं. फिरवून लावला, तर बाहेरचं दार उघडेना. पुन्हा होता तसा ठेवला. मृणालिनी अंग चोरून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"राजाचा पाय मोठा होता वाटतं," ती म्हणाली.

रविवारी सासऱ्यांनी पलंग बघितला, दार बघितलं, जावयाकडे बघितलं आणि ते आडवे झाले. उशी नेमकी दारात. समोर टीव्ही, मान वळवली की कढई.

"मृणाल, माशाची तुकडी उलट. करपेल."

"उद्या सुतार येतोय, दादा," पंढरीनाथ पुटपुटला. "कापून घेतो."

"खबरदार!" सासरे ताडकन उठून बसले. "गिरगावात स्वयंपाकघर एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ताटात काय पडणार ते ताटात पडल्यावरच कळतं. पलंगाला हात लावायचा नाही."

पंढरीनाथने सुटकेचा निःश्वास सोडला.

"आणि पंढरीनाथराव," सासरे पुन्हा आडवे होत म्हणाले, "मी दोनच जोड कपडे आणलेत. उद्या जरा गिरगावात जाऊन माझी ट्रंक घेऊन या."