राष्ट्राध्यक्षांची दाढ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली डोळ्यांपुढे आणा. लांब टेबल, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात हिरवा टेलिफोन. खुर्चीत राष्ट्राध्यक्ष. हा माणूस मंत्री नेमतो, मंत्री काढतो, सैन्याला हुकूम सोडतो आणि फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला एका सहीने माफ करतो. फक्त त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती.

दाढ काढायची तर गुंगीचं औषध घ्यावं लागणार, आणि बेशुद्ध माणसाच्या हाती देश ठेवता येत नाही. म्हणून दुपारी तीनला राष्ट्राध्यक्षांनी कागदावर सही करून सगळे अधिकार उपाध्यक्षांना दिले. सहा वर्षांत फिती कापण्यापलीकडे काही न केलेले उपाध्यक्ष खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

साडेचारला राष्ट्राध्यक्ष सुजलेला गाल धरून परत आले. टेबलापाशी नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. तिचे वडील सुतार होते आणि पाच वाजता फासावर जाणार होते. खरा खुनी कालच सापडला होता. पण न्यायालयांच्या सगळ्या पायऱ्या झिजवून संपल्या होत्या. उरली होती फक्त माफी. "दाढ काढून आलो की पहिली सही हीच," असं राष्ट्राध्यक्षांनी सकाळी तिला सांगितलं होतं.

"आजोबा, करता ना सही?"

"करतो की!" त्यांनी पेन उचललं.

"साहेब, थांबा," सचिव म्हणाले. "सध्या तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही. आधी अधिकार परत घेतल्याचं पत्र हवं."

"मग आणा की कागद!"

"सोबत तुम्ही पूर्ण शुद्धीवर आहात असा डॉक्टरांचा दाखला लागतो."

दातांचे डॉक्टर मागेच बॅग घेऊन उभे होते. "मी दाढेपुरतं लिहून देतो. डोक्याचं मी कसं लिहू?"

"आपले नेहमीचे डॉक्टर कुठं गेले?"

"सुटीवर. तुम्हीच मंजूर केलीत. निघालेत, साडेपाचला पोचतील."

सगळ्यांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

"मी घटकाभराचा माणूस. शिवाय बायकोनं बजावलंय, कशावर सही करून येऊ नका."

"काका, माझे बाबा मरतील," मुलगी म्हणाली.

"तेच तर! एवढं मोठं काम तात्पुरत्या माणसानं करायचं म्हणजे..."

"अहो, मी सांगतोय ना, करा सही!" राष्ट्राध्यक्ष ओरडले आणि गाल धरून खाली बसले.

"पण सांगणारे तुम्ही आता कोण?" उपाध्यक्ष हळूच म्हणाले. सचिवांनी मान डोलावली. नियमाने ते बरोबर होतं.

घड्याळात पाचला दहा कमी होते.

"आता काय होणार?" मुलीने विचारलं.

सचिवांनी पाढे शिकवावेत तसं समजावलं. "पाचला पाच कमी असताना तुरुंगाधिकारी फोन करतात. ह्याच एका फोनवर. विचारतात, राष्ट्राध्यक्षांचं काही म्हणणं आहे का? असेल तर ते लेखी, सहीनिशी लागतं. नसेल तर इथून 'काही नाही' म्हणायचं. मग ते दोर ओढतात."

"आणि कुणी बोललंच नाही तर?"

"मग फाशी उद्यावर. पण असं कधी झालेलं नाही, बाळ. वीस वर्षं मी फोन चुकवलेला नाही."

फोन वाजला.

राष्ट्राध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी राष्ट्राध्यक्षांकडे पाहिलं.

"घ्या ना."

"छे छे, तुम्ही घ्या."

"मला अधिकार नाही."

"मला सवय नाही."

फोन वाजतच राहिला. सचिवांना ते सहन होईना. "लेखी काही नाही, म्हणजे 'काही नाही' असंच सांगावं लागेल," ते कष्टी होऊन म्हणाले, आणि त्यांनी फोनकडे हात नेला.

मुलगी टेबलाखाली शिरली. फोनची वायर भिंतीत गेली होती, तिथे तिने दोन्ही हातांनी ती धरली, आणि बाबा गंजलेला खिळा उपटताना करायचे तसा पाय भिंतीला रोवून ओढली. घंटी मध्येच थांबली.